बीटा, गामा, सिग्मा आणि पतसंस्थेची वार्षिक सभा

सत्कार स्वीकारायचा असेल तर आधी फी भरा, असं कुणी म्हटलं की आपल्या भागातला माणूस आधी हसतो आणि मग संशय घेतो. त्यात चूक काहीच नाही. 'भूषण', 'रत्न', 'गौरव' अशा नावांची पत्रं पोस्टाने यायची, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. नोंदणी शुल्क भरा, मोठ्या शहरातल्या हॉटेलात या, शाल घ्या, फोटो काढा. असे फोटो भिंतीवर लावलेले दुकानदार आणि डॉक्टर बेळगावातही आहेत आणि निपाणीतही.

त्यामुळे अमेरिकेत बिझनेसची मास्टर्स डिग्री करणाऱ्या माझ्या मामेबहिणीला तसलंच एक पत्र आलं, तेव्हा मामांनी मला लावलेला फोन अगदी अपेक्षित होता. "अरे, पोरीला पत्र आलंय. हुशार म्हणून मंडळात घेतो म्हणतात, खरं वर पैसे भरा म्हणतात. आमच्याकडं असं नसतंय बघ. तू काँप्युटरवाला, हे खरं का खोटं सांग की." मामा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. पैसे कुठून येतात आणि कुठे जातात हे पाहिल्याशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नाहीत. बहिणीच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज होतं, आणि मागितलेली रक्कम रुपयांत काही हजारांची होती. घरी त्याच महिन्यात कर्जाचा व्याजाचा हप्ता जायचा होता. म्हणजे प्रश्न गमतीचा नव्हता.

मी दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या. आपल्या मंडळाच्या बऱ्याच घरांतली मुलं आता एमबीए, फायनान्स, अ‍ॅनालिटिक्स असं काही शिकायला बाहेर जातात, त्यांनाही कधी ना कधी असं पत्र येणार. म्हणून जे कळलं ते इथे लिहितो.

पत्र होतं बीटा गामा सिग्मा या संस्थेचं. नाव ऐकून कुणाला गणिताचा पेपर आठवेल. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या संस्थांना ग्रीक अक्षरांची नावं देण्याची जुनी रीत आहे. त्यातली सगळ्यांत पहिली फाय बीटा कप्पा, ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झाली. आपल्याकडे तेव्हा सवाई माधवरावांच्या नावाने बारभाई कारभार चालू होता. सुरुवातीला तो पोरांचा गुप्त अड्डाच होता, शपथा, खुणेचं हस्तांदोलन वगैरे. पुढे गुप्तता गेली आणि अभ्यासात वरच्या असलेल्या मुलांना निवडून घेणारी संस्था असा तिचा लौकिक झाला. मग एकेका विषयाच्या लोकांनी आपापल्या संस्था काढल्या.

व्यापार आणि व्यवस्थापन शिकणाऱ्यांसाठीची बीटा गामा सिग्मा १९१३ मधली. विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया या तीन विद्यापीठांतल्या छोट्या संस्था एकत्र येऊन ती झाली. तीन अक्षरं तीन ग्रीक शब्दांची आद्याक्षरं आहेत, आणि त्यांचा अर्थ ते लोक सन्मान, शहाणपण आणि तळमळ असा लावतात. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पुढाकाराने डेल्टा म्यू डेल्टा ही दुसरी संस्था निघाली. हिशेबशास्त्र आणि फायनान्सवाल्यांची बीटा अल्फा साय १९१९ ची.

बीटा गामा सिग्मात अर्ज करून जाता येत नाही. कॉलेजच बोलावतं. पदवीच्या वर्गातले वरचे दहा टक्के, मास्टर्सच्या वर्गातले वरचे वीस टक्के, असा मोजका हिशेब आहे. दुसरी अट मुलांना नाही, कॉलेजला आहे. एएसीएसबी नावाची बिझनेस स्कूलना मान्यता देणारी संस्था आहे, १९१६ पासूनची. तिची मान्यता असलेल्या कॉलेजातच बीटा गामा सिग्माची शाखा निघू शकते. आपल्या बाजूला मणिपालचं टी. ए. पै इन्स्टिट्यूट आणि मुंबईचं एस. पी. जैन या दोन्ही संस्थांकडे ती मान्यता आहे. एकदा सभासद झालात की जन्मभर सभासद, दरवर्षी वर्गणी नाही. सुरुवातीची फी मात्र आहे, आणि ती अडते तिथेच आपलं मराठी मन अडतं.

आता खऱ्या-खोट्याचा मुद्दा. ग्रीक नाव म्हणजे ऑनर सोसायटी असं समजू नका. अल्फा कप्पा साय १९०४ ची, डेल्टा सिग्मा पाय १९०७ ची. दोन्ही न्यूयॉर्क विद्यापीठात सुरू झालेल्या, दोन्ही बिझनेसच्याच, दोन्ही खऱ्या आणि मोठ्या. पण त्या व्यावसायिक बंधुमंडळं आहेत. तिथे गुणक्रमाने बोलावणं येत नाही, तुम्ही जाऊन भेटता, ते तुम्हाला पारखतात, मग घेतात. त्यांचा उपयोग वेगळा, ओळखीपाळखीचा. बायोडाटात त्या 'गुणवत्ता' या सदराखाली लिहिल्या तर जाणकार माणूस मनात हसेल.

मग उरतात त्या तिसऱ्या प्रकारच्या, ज्यांचं ऑफिस म्हणजे एक वेबसाइट आणि पैसे भरायचं बटण. त्यांची पत्रं हुबेहूब खऱ्यासारखी असतात. मी बहिणीला जे तपासायला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. तुझ्याच कॉलेजात या संस्थेची शाखा आहे का, आणि तिचा सल्लागार म्हणून एखाद्या प्राध्यापकाचं नाव आहे का? कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवर, डीनच्या पानावर तिचा उल्लेख आहे का? वर्गातले किती टक्के घेतात ते उघड लिहिलंय का? अमेरिकेत अशा संस्थांचा एक संघ १९२५ पासून आहे, असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज. किमान दर्जा काय असावा हे तो ठरवतो. त्याच्या यादीत नाव नसलं म्हणून संस्था लगेच खोटी ठरत नाही, पण नाव असलं तर निम्मी काळजी मिटते. आणि सगळ्यांत सोपं, ज्या प्राध्यापकांकडे शिकतेस त्यांनाच जाऊन विचार. आपली मुलं हे शेवटी करतात, कारण सरांना जाऊन विचारायचं म्हणजे काहीतरी चुकलंय असं आपल्याकडे शाळेपासून बिंबलेलं असतं.

बहिणीने विचारलं. पत्र खरं होतं.

पण खरं असणं आणि घेण्याजोगं असणं या दोन गोष्टी आहेत, आणि मामांचा पुढचा प्रश्न तोच होता. "मिळतंय काय त्यातनं?" प्रामाणिक उत्तर असं की थेट फार काही नाही. एक प्रमाणपत्र, एक पिन, पदवीदानाला गाऊनवर मिरवायचा रंगीत गोफ, सभासदांची यादी आणि काही शिष्यवृत्त्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकरीत मात्र याला लेखी किंमत आहे. नुसत्या पदवीवर जिथून सुरुवात होते त्याच्या वरच्या, जीएस-७ या श्रेणीत थेट जायला जे निकष चालतात, त्यांत चांगली ग्रेड आणि वर्गातला वरचा क्रमांक यांच्या जोडीने मान्य ऑनर सोसायटीचं सभासदत्वही आहे. पण त्या नोकऱ्या जवळपास सगळ्या तिथल्या नागरिकांसाठी. आपल्यातल्या ज्या घरांतली मुलं तिथेच जन्मली, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलीला त्याचा उपयोग नाही.

भारतात तर त्याहून कमी. मी स्वतः कंपनीत मुलाखती घेतो. बायोडाटात बीटा गामा सिग्मा दिसलं असतं तर या चौकशीआधी मीही ते वाचून पुढे गेलो असतो. म्हणून माझा सल्ला, नुसतं नाव लिहू नका, शेजारी लिहा की 'वर्गातल्या वरच्या वीस टक्क्यांत निवड'. ते कुणालाही कळतं. लग्नाच्या बायोडाटात लिहायचं असेल तर ज्याची त्याची मर्जी.

मला स्वतःला जास्त रस वाटला तो त्या १९१३ सालात. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून ते ओळखलं जातं. म्हणजे व्यापार हा विद्यापीठात शिकायचा विषय आहे हे तिकडे आणि इकडे जवळजवळ एकदमच ठरत होतं. आणि त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. पुढे १९१८ ते १९२० ते त्याच सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. आणि एप्रिल १९२५ मध्ये आपल्या निपाणीत भरलेल्या मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले. निपाणीची ती परिषद शाळेत असताना मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये डी.एस्सी. मिळवलेला माणूस तंबाखूच्या गावात येऊन बोलला, ही गोष्ट कॉमर्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

तिकडे गायकवाडांनी पैसे दिले आणि इकडे बीटा गामा सिग्मा पैसे मागते, हा फरक मामांनी बरोबर पकडला होता. आपली परंपरा देणाऱ्याची आहे. दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवलेली श्रावणातली दक्षिणा घ्या. इंग्रजांनी ती बंद न करता हळूहळू तिचं रूप बदललं, ग्रंथांना दक्षिणा प्राइझ आलं, कॉलेजात दक्षिणा फेलो आले. न्यायमूर्ती रानडे विद्यार्थी असताना दक्षिणा फेलो होते. विद्यापीठांतली सुवर्णपदकंही कुणाच्या तरी आई-वडिलांच्या नावाने ठेवलेल्या ठेवीच्या व्याजावर चालतात. विद्वानाने फक्त हात पुढे करायचा. अमेरिकन पद्धत उलटी, तुम्ही लायक आहात असं आम्ही ठरवलं, आता या आणि खर्चात वाटा उचला. मला ती पद्धत वाईट वाटत नाही. फी भरणाऱ्याचा संस्थेवर हक्क असतो, नुसती शाल घेणाऱ्याचा नसतो.

आपल्या भागात बीटा गामा सिग्माच्या सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट कुठली, तर पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा. हसू नका. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात सहकारी बँका आणि सोसायट्या किती आहेत ते आपण जाणतोच. बेळगावची पायोनियर बँक १९०६ ची आहे, म्हणजे १९१३ च्या बीटा गामा सिग्माहूनही जुनी. सभेत ताळेबंद वाचून होतो, लाभांश जाहीर होतो, कुणीतरी मागून थकबाकीवर प्रश्न विचारतो, अध्यक्ष घाम पुसतात. आणि मग गुणगौरव. सभासदांच्या मुलांपैकी दहावी, बारावी, पदवीत अमुक टक्क्यांच्या वर असलेल्यांना गुलाब, पेन, पाकीट, कधी भिंतीवरचं घड्याळ. इथेही अर्ज नाही म्हटलं तरी चालेल, मार्कलिस्टची झेरॉक्स दिली की झालं.

या सभांत मी लहानपणापासून बसलोय, आणि एक गोष्ट मला नेहमी खटकत आली. संस्था पैशांच्या व्यवहाराची, व्यासपीठावरचे सगळे व्याज आणि तारण जाणणारे, पण टाळ्या कुणाला? इंजिनिअरिंगला लागलेल्याला. मेडिकलला लागली तर सभागृह उभं राहतं. बी.कॉम.ला पहिला आलेल्याचं नाव शेवटी, चहाची गडबड सुरू झाल्यावर. मी इंजिनिअर आहे, त्या टाळ्यांचा फायदा मलाही मिळालाय, म्हणून हे लिहायला मला संकोच नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं कर्ज, गुळाची आणि तंबाखूची उधारी, त्याच सोसायटीचं ऑडिट, हे सगळं जी मुलं पुढे सांभाळतात त्यांना "कॉमर्सला का गेलास, मार्क कमी पडले काय?" हा प्रश्न अजून विचारला जातो. अपवाद एकच, सी.ए. झालेला. त्याचं बॅनर चौकात लागतं. पण सी.ए. होईपर्यंतची चार-पाच वर्षं त्या पोराकडे कुणी बघत नाही, आणि कुणी बघायची खरी गरज तेव्हाच असते.

त्यात आपल्या सीमेचं त्रांगडं. आमच्या आजोबांच्या पिढीत जो पदवीधर व्हायचा त्याच्या कागदावर मुंबई विद्यापीठ. १९४९ ला कर्नाटक विद्यापीठ निघालं आणि मामांच्या पिढीच्या कागदावर धारवाड आलं. आता बेळगावच्या कॉलेजांवर २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. आणि बहीण शिकली ते देवचंद कॉलेज निपाणीकरांचंच, पण ते ज्या अर्जुननगरात आहे ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिच्या कागदावर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, मध्ये चालत जाण्याइतकं अंतर. एकाच आळीतल्या दोन मुली, एक गावातल्या कॉलेजात आणि एक देवचंदला, दोघीही बी.कॉम.ला उत्तम. दोघींची नावं दोन वेगळ्या विद्यापीठांच्या याद्यांत जातात, आणि एका यादीतलं नाव दुसऱ्या बाजूच्या कुणाला माहीत होत नाही. दहावीचं तेच. मराठी प्रथम भाषा घेऊन ६२५ पैकी मार्क मिळवणारी आपली मुलं पुण्यात गेली की आधी ६२५ म्हणजे काय ते समजावून सांगत बसतात.

इंजिनिअरिंगला निदान एक दार आहे. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत 'टाइप ई' म्हणून आपल्यासारख्यांची वेगळी नोंद असते, वादग्रस्त सीमाभागातला रहिवास, तिथल्याच संस्थेतून दहावी किंवा बारावी, मातृभाषा मराठी. त्या एका अक्षरामुळे किती जणांची आयुष्यं बदलली हे मी माझ्या वर्गात पाहिलंय. म्हणजे इंजिनिअर व्हायला निघालेला सीमेवरचा मुलगा कुणाच्या तरी कागदावर वेगळा उमटतो. बी.कॉम. करणारा कुठेच उमटत नाही.

बहिणीने शेवटी फी भरली. कर्जातून नाही, कॅम्पसवरच्या ग्रंथालयात काम करून मिळालेल्या पैशातून. घरी तिने भरल्यानंतर सांगितलं. मामा दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, "भरलीस तर भरलीस, आता वसूल कर." तिने वसूल केलं का? इंटर्नशिप त्या पिनमुळे मिळाली नाही, ती तिने भरपूर अर्ज टाकून मिळवली. पण सभासद करून घेण्याच्या जेवणात ती ज्या टेबलावर बसली तिथे तिच्या आधीच्या तुकड्यांतले तीन-चार जण होते. त्यांतल्या एका बाईंनी तिचा बायोडाटा तिथेच फोनवर उघडून वाचला आणि दुसऱ्या दिवशी लाल खुणा करून परत पाठवला. देवचंद कॉलेजच्या ओळीखाली काहीच लिहिलेलं नव्हतं. त्या बाईंनी तिथे लिहिलं होतं, 'इथे वर्गात कितवी होतीस?'

मला फोनवर बहीण म्हणाली, "दादा, पाच वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं बघ."

हे ऐकल्यावर मला त्या संस्थेतली खरी किमतीची गोष्ट कळली असं वाटतं. पिन नाही, प्रमाणपत्र नाही. आधी गेलेला माणूस नंतर आलेल्याचा कागद वाचतो, आणि ते त्याचं काम आहे असं त्याला वाटतं. आपल्या गुणगौरवात घड्याळ मिळतं, पण मागच्या वर्षी घड्याळ मिळालेला मुलगा या वर्षीच्या मुलीला भेटत नाही. तो पुण्यात असतो, बेंगळुरूत असतो, दुबईत असतो. सोसायटीकडे त्याच्या वडिलांचा सभासद क्रमांक असतो, त्याचा फोन नसतो.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघा-चौघांनी एक यादी करायला घेतली आहे. नाव ठेवलेलं नाही, ग्रीक तर मुळीच नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कॉमर्स कॉलेजांतून दरवर्षी वर्गातले वरचे दहा टक्के. हा दहा टक्क्यांचा हिशेब आपल्या भागासाठी फार सोयीचा आहे, हे मला यादी करतानाच लक्षात आलं. कुणाकडे टक्के, कुणाकडे सीजीपीए, विद्यापीठं दोन, राज्यं दोन. मार्कांची तुलना करायला गेलो तर जन्मभर वाद. स्वतःच्या वर्गात तू कितवा, एवढंच विचारलं की सीमा मध्ये येत नाही. यादीतल्या जुन्याने नव्याला वर्षातून दोनदा फोन करायचा आणि एकदा बायोडाटा वाचायचा, एवढी एकच अट. फी ठेवायची का यावर आमच्यात अजून भांडण आहे. माझं मत, ठेवावी, शंभर रुपये का होईना. मामांचं मत तुम्हाला माहीत आहे.

अडलंय ते एका रकान्यावर. 'वर्गातला क्रमांक' हा रकाना भरून द्यायला कॉलेजचं ऑफिस तयार नसतं, कारण मार्कलिस्टवर तो छापलेलाच नसतो, आणि विद्यापीठाच्या यादीत फक्त पहिले काही जण येतात. मुलांना स्वतःला माहीत नसतं. दोन कॉलेजांत ओळखीच्या सरांनी निकालपत्रक समोर घेऊन पेन्सिलीने क्रमांक लावून दिले. बाकीच्या ठिकाणी कुणी माजी विद्यार्थी ऑफिसात जाऊन विनंती करू शकेल का, ते बघतोय. आपल्यापैकी कुणाची अशा कॉलेजात ओळख असेल तर संपादकांकडे नाव कळवा. आम्हाला निकालपत्रक नको, फक्त पेन्सिल हवी.